नवीन माणूस रेघेवर

खडूचा तुकडा उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत धरायचा आणि हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पायानेच सरळ रेघ ओढत न्यायची, ही बाईंची क्लास सुरू करण्याची पद्धत होती. वाकायच्या नाहीत, खाली बघायच्या नाहीत. "काय हो, गुडघा कसा आहे आता?" अशी कुणाची तरी चौकशी वर चालू असायची आणि खाली पाय आपलं काम करत जायचा. रेघ भिंतीला टेकली की खडू पायानेच उडवून हातात झेलायच्या. लहान मुलं तेवढं बघायला वेळेवर येत.

मग म्हणायच्या, "चला, नवीन माणूस रेघेवर."

नाचाचे क्लास तुम्हीही पाहिले असतील. जो चांगला नाचतो तो पुढे, मधोमध. नवीन आलेला मागे, कोपऱ्यात. तो पुढच्याचे पाय बघतो, तसे आपले टाकतो, चुकला तर कुणाला दिसत नाही. जगरहाटी अशीच आहे. बाईंकडे ती उलटी होती. कालच नाव घातलेला माणूस एकदम पुढे, रेघेवर. त्याच्यामागे त्याच्याआधी आलेले. आणि ज्यांना सगळं येतं ते शेवटी, पाठीमागच्या भिंतीला टेकून. नवीन माणसासमोर बघायला कुणी नाही. आरसाही नाही.

आरशांचं दुःख तर मला आजही आहे. ग्रँट रोडच्या एका बंद पडलेल्या सलूनमधून मी ते घासाघीस करून उचलले होते. पूर्ण भिंत भरली होती. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर बाईंनी त्यांच्यावर पडदा लावलेला. पडदा माझ्याच दुकानातला, नाटकाचा, मरून रंगाचा.

"बाई, हे काय?"

"आरशात बघून माणूस स्वतःचीच नक्कल करतो, मालकीणबाई. त्यापेक्षा झाकलेला बरा."

मला त्या मालकीणबाई म्हणायच्या. मालकीण कसली? आम्ही दोघी भागीदार होतो. तरी आजही लोक "बाईंचा क्लास" म्हणतात. जिना मी शोधला, हॉल मी मिळवला, पाटी मी रंगवून घेतली, पंख्यांसाठी इलेक्ट्रिशियनशी मी भांडले. क्लास बाईंचा. असो. हे सांगायला बसले तर बाई राहतील बाजूला.

मी मूळची भायंदरच्या खाडीकाठच्या मोरव्याची. आमची मिठागरं होती म्हणतात तशी आमची काही नव्हती, आम्ही दुसऱ्यांच्या मिठागरावर काम करणारे. आईचे पाय अजून बघा, मिठाने खाल्लेले आहेत. मी साड्यांना फॉल लावण्यापासून सुरुवात केली आणि गॅदरिंगचे कपडे भाड्याने देण्यापर्यंत आले. कोळ्यांचे, शेतकऱ्यांचे, शिवाजीमहाराजांचे, परीचे, सशाचे. या धंद्यात एक गोष्ट पक्की कळते. पहिला भाव कधी खरा नसतो, आणि एकदा दिलेला शब्द कधी मोडायचा नसतो. कागद आमच्याकडे कमी, शब्द जास्त. माझा शब्द कधी पडला नव्हता. बाई भेटेपर्यंत.

त्या पहिल्यांदा आल्या त्या शाळेच्या गॅदरिंगसाठी कपडे न्यायला. परळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायच्या आणि दर वर्षी सगळ्या वर्गांचे नाच बसवायच्या. राहायला नुकत्या मीरा रोडला आल्या होत्या. उंच, सावळ्या, केस कापलेले, साडी मात्र कडक इस्त्रीची. मी भाव सांगितला. त्यांनी त्यांचा सांगितला. मी हसले, कपडे परत घडी करायला घेतले, दाराकडे बघितलं, म्हटलं, ताई, परवडत नाही. म्हणजे आपलं नेहमीचं. समोरच्याने थोडं वर यायचं, आपण थोडं खाली. बाई नुसत्या उभ्या राहिल्या. रागावल्या नाहीत, गेल्याही नाहीत. दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं, चहा आला, माझा चहा पिऊन झाला, त्या उभ्याच. शेवटी मीच कपडे बांधून दिले आणि दिवसभर चिडचिड करत बसले.

कपडे परत आले तेव्हा धुतलेले होते, तुटलेले हूक लावलेले होते, सशाचा लोंबणारा कान शिवलेला होता. मी म्हटलं, ही बाई धंदा बुडवेल, पण हिच्याकडे माणसं येतील.

तेव्हा मीरा रोडला कसं होतं ते आठवा. सिल्व्हर पार्कच्या बाजूला जिकडे बघाल तिकडे परांच्या बांधलेल्या. गिरगाव, लालबाग, दादर सोडून आलेली मराठी माणसं, शेजारी गुजराती, वर उत्तरेकडचे, खाली आणखी कुणी. प्रत्येकाला कुठली तरी भाषा कमी पडत होती. आणि प्रत्येक सोसायटीला नवरात्रीत, गणपतीत नाच हवा होता. मी हिशेब मांडला, एकाच जिन्यात दोन दुकानं. सकाळी इंग्लिश स्पीकिंग, संध्याकाळी डान्स. बाईंची शाळेतली नोकरी सुटण्याच्या बेतात होतीच. त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, "दोन कशाला? एकच काढू."

"एकच म्हणजे?"

"भाषा येत नाही असं काही नसतं. लाज वाटते. आणि लाज पायात असते. पाय हलले की तोंड उघडतं."

मला वाटलं, बोलायला बरं आहे, पाटीवर टाकू. त्या तर खरंच तसं करायला लागल्या. ज्याला जी कमी पडते ती भाषा, इंग्रजी, हिंदी नाहीतर मराठी. क्लासमध्ये खुर्ची नाही. काल म्हणजे एक पाऊल मागे, आज म्हणजे जागेवर ठेका, उद्या म्हणजे एक पाऊल पुढे. बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. नातू अमेरिकेत, सून फोनवर इंग्रजीत बोलते, म्हणून आले होते. त्यांचं प्रत्येक वाक्य नोकरीतलं. आय वेंट, आय साइन्ड, आय टोल्ड द मॅनेजर. दर वाक्याला एक पाऊल मागे. बोलता बोलता काका रेघेवरून निघाले ते मागच्या मुलींना ढकलत शेवटपर्यंत पोचले.

"काका," बाई म्हणाल्या, "एखादं वाक्य पुढचंही बोला. मागे भिंत आली."

काकांनी वळून भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "आय विल... आय विल सी." आणि एक पाऊल पुढे टाकलं. सगळ्या क्लासने टाळ्या वाजवल्या. मला त्या वेळी हसू आलं होतं.

बॅचवरून आमची भांडणं व्हायची. माझं म्हणणं, लहान मुलं वेगळी, बायका वेगळ्या, म्हातारी माणसं वेगळी, प्रत्येकाचा दर वेगळा. बाईंचं एकच, सगळे एकत्र. सहा वर्षांची पोरगी आणि साठ वर्षांचे काका एकाच ओळीत. मी ओरडायचे. माझा आवाज खाली पानवाल्यापर्यंत जायचा. तो जिन्यात तोंड वर करून विचारायचा, "भाभी, पुलिस बुलाऊँ क्या?" बाई शांतपणे खडू शोधत असायच्या.

याच सुमारास आम्ही मोरव्याचं घर सोडून बेव्हर्ली पार्कला फ्लॅट घेतला. तिसरा मजला, लिफ्ट, सगळं माझ्या कमाईचं. आईला घेऊन आले. मोरव्यात माझी आई ओट्यावर बसली की अख्खी गल्ली बोलायची. तिचा आवाज दुसऱ्या आळीत ऐकू जायचा. इथे आली आणि तिचं तोंडच मिटलं. समोर उषाबेन राहायच्या, चांगल्या बाई. "माजी, कैसे हो? आओ ना बैठने," म्हणायच्या. आई मान हलवायची आणि दार लावून घ्यायची.

मी रागवायचे. "आये, दार कशाला लावतेस तिच्या तोंडावर?"

"मना न्हाय येत त्यांची भाषा. हसतील मना."

"तू काही तरी बोल ना."

"काय बोलू? दातखिळी बसते माझी."

दिवसभर ती गॅलरीत बसून भायंदरच्या बाजूला बघत असायची. बोलायची फक्त माझ्याशी, आणि मी घरी असायचे किती? मी तिला टीव्ही घेऊन दिला. ती टीव्ही बंद करून समोर बसायची. खरं सांगते, मला भीती वाटायला लागली होती. माणूस बोलायचा बंद झाला की हळूहळू खायचाही बंद होतो, हे मी आमच्या शेजारच्या आजोबांचं पाहिलं होतं. आई अर्धी भाकरी ठेवून उठायला लागली होती.

एक दिवस ती माझा डबा घेऊन क्लासला आली. मी हॉलबाहेरच्या टेबलावर होते. बाईंनी आतून पाहिलं.

"आजी, चपला काढा."

"मी डबा द्याला आलेय."

"डबा ठेवा तिथे. तुम्ही रेघेवर या."

मी उठले. "बाई, ती शिकायला नाही आली."

"फी नको का तुम्हाला, मालकीणबाई?" बाई म्हणाल्या. क्लास हसला. आई मात्र चपला काढून खरंच आत गेली. लुगडं घोट्याच्या वर, भेगाळलेले पाय त्या पांढऱ्या रेघेवर ठेवून उभी राहिली. तिच्यासमोर कुणी नव्हतं, फक्त मरून पडदा.

बाईंनी हिंदीत विचारलं, "आपका घर कहाँ है?"

आई गप्प. मला वाटलं, आत जाऊन तिला हाताला धरून बाहेर आणावं.

"बोलू नका," बाई म्हणाल्या. "पायाने दाखवा. घर कुठे?"

आईने विचारही केला नाही. ती वळली आणि पश्चिमेकडे, खाडीकडे, मोरव्याच्या बाजूला पाय टाकला. बेव्हर्ली पार्क बरोबर उलट दिशेला.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही टेबलावरच्या डब्याकडे बघत राहिले.

त्यानंतर आई रोज यायला लागली. मी विरोध केला नाही, कारण ती भाकरी पूर्ण खाऊ लागली होती. घरी बोलायची मात्र तेवढंच. उषाबेनच्या तोंडावर दार तसंच लागत होतं.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसले ते सांगते, आणि निवाडा तुम्हीच करा.

आमचा हॉल भायंदरच्या एका काकांचा होता. आमच्या गावाकडचेच, नात्यातले म्हणता येतील असे. त्यांच्या शेतजमिनीवर आता बिल्डिंगा उभ्या होत्या. हॉलचा करार संपत आला होता आणि एका बँकेला ती जागा हवी होती. बँकेपुढे आम्ही कोण? पण काकांची नात पिंकी आमच्या क्लासला होती, अगदी पहिल्या दिवसापासून. पोरगी वीज होती. आणि म्हणूनच बाईंच्या पद्धतीप्रमाणे ती सगळ्यात मागे, भिंतीला.

मी काकांकडे गेले. चहा झाला, गावच्या गोष्टी झाल्या. मग काकांनी मुद्द्याला हात घातला.

"माज्या नातीला येवढी वर्सं भितीला टेकून उभी करतेस व्हय गो? या बारीला प्रोग्रामला माजे पाव्हणे येनार. नगरसेवक येनार. पोरगी पुढं, मधी दिसली पायजे. येवढं कर. हॉल तुजाच हाय."

विचार करा. बँकेला नाही म्हणणारा मालक, आणि बदल्यात काय, तर एका पोरीची जागा बदलायची. असा सौदा मी आयुष्यात केला नव्हता. मी म्हटलं, "काका, शब्द दिला."

कार्यक्रम आठवड्यावर आला होता. विषय होता "माझं घर". प्रत्येकाने शिकलेल्या भाषेत आपल्या घराबद्दल एक वाक्य बोलायचं आणि मग सगळ्यांनी मिळून नाचायचं. मी बाईंना सांगितलं. मला वाटलं होतं, त्या खूश होतील.

"पिंकीला विचारलंत?" बाई म्हणाल्या.

"पोरीला काय विचारायचं?"

"मला तरी विचारायचं."

"तुम्हाला सांगतेय ना आता."

"सध्या नवीन माणूस कोण आहे, मालकीणबाई?"

उत्तर दोघींना माहीत होतं. सगळ्यात शेवटी आलेली माझी आई होती.

"आईला काढा," मी म्हटलं. "बरं नाही म्हणून सांगते. बाई, नगरसेवक येणार आहेत, माझं अख्खं गाव येणार आहे. ती तिथे दातखिळी बसून उभी राहिली तर? तिची शोभा, माझी शोभा आणि हॉलही गेला."

"रेघ मी ओढते. तुम्ही हॉल सांभाळा."

"हॉलच जाणार आहे!"

"मग रेघ कुठेही ओढता येते."

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तरी मला खात्री होती की ऐन वेळी त्या थोड्या खाली येतील. सगळेच येतात. सशाच्या कपड्यांच्या वेळी त्या किती वेळ उभ्या राहिल्या होत्या, ते मला आठवायला हवं होतं. बाईंचा पहिला भावच शेवटचा असायचा.

कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. काका पहिल्या रांगेत, पांढरे कपडे, शेजारी पाहुणे. मी त्यांच्यामागेच. पडदा उघडला. स्टेज रिकामं. बाई आल्या, इस्त्रीच्या साडीत, अनवाणी. सगळ्या लोकांसमोर त्यांनी खडू अंगठ्यात धरला आणि स्टेजच्या पुढच्या कडेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमच आहे. टाळ्या पडल्या.

मग ओळी आत आल्या. सगळ्यात पुढे, मधोमध, माझी आई. सगळ्यात मागे, अर्ध्या अंधारात, पिंकी.

काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून दिसते.

बाकीच्यांची वाक्यं झाली. बँकवाले काका इंग्रजीत बोलले आणि न विसरता एक पाऊल पुढे आले. उषाबेनची सूनही क्लासला यायची, तिने मराठीत सांगितलं की माझं घर भावनगरला होतं, आता इथे आहे. मग आईची पाळी. आई पुढे बघत होती आणि तिच्यासमोर पडदा नव्हता, अख्खं गाव होतं. तिचा जबडा घट्ट मिटला. मला तो ओळखीचा होता. दार लावून घेताना असाच मिटायचा.

मागे कुणीतरी खाकरलं. कुणी पोर हसलं. मी खुर्चीची कड धरली होती.

आणि तेवढ्यात स्टेजवरून टाचेचा ठोका आला. एकच. मग थांबून दुसरा. मागच्या अंधारातून कुणीतरी हळूहळू ठेका धरला. आईने वळून पाहिलं नाही, पण तिच्या पायाला तो पोचला. तिची टाच उचलली गेली, खाली पडली. पुन्हा उचलली गेली. मिठागरात गाळ तुडवतात तशी. आणि मग ती वळली, या वेळी दुसऱ्या बाजूला, आणि बेव्हर्ली पार्ककडे पाय टाकून तिच्या त्या मोरव्याच्या आवाजात म्हणाली,

"मेरा घर तिसरा माळा पे हाय. दरवाजा खुल्ला रखती. आव."

तिसऱ्या रांगेत उषाबेन उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या, आणि मग सगळेच.

काकांची खुर्ची मात्र रिकामी होती. ते कधी उठले, मला कळलं नाही.

हॉल गेला. बँक आली. मी बाईंना त्या जिन्यातच गाठलं, त्या पडदा घडी करून काखेत घेऊन उतरत होत्या.

"माझा शब्द पाडलात तुम्ही! एवढ्या वर्षांचा शब्द!"

"तुमचा शब्द तुम्ही माझ्या रेघेवर ठेवलात कशाला, मालकीणबाई?" बाई म्हणाल्या. पडदा माझ्या हातात दिला आणि खाली गेल्या. खालच्या पायरीवर थांबल्या, मला वाटलं काही बोलतील. त्या चपला घालत होत्या.

मी माझ्या कपड्यांच्या दुकानात परत गेले. आरसे विकले. बाईंनी एका सोसायटीच्या खालच्या पार्किंगमध्ये क्लास सुरू केला, गाड्या बाहेर गेल्या की. मी तिथे पाऊल टाकलं नाही. आई मात्र रोज जायची. घरी येऊन मला मुद्दाम ऐकवायची, "बाईंनी इचारलं हाय तुजी तब्बेत." मी उत्तर द्यायचे नाही. आईचं दार आता दिवसभर उघडं असायचं, उषाबेन आत, आई बाहेर, काय बोलायच्या देव जाणे, अर्धं गुजराती, अर्धं मोरव्याचं. ते बघून कुणी मला म्हणालं की बघ, शेवटी चांगलंच झालं, तर मी त्यांना सुनावायचे. चांगलं झालं म्हणून शब्द पडला तो उचलला जात नाही. काका मेले तोवर माझ्याशी बोलले नाहीत.

एकदा पिंकी दुकानात आली, कॉलेजच्या गॅदरिंगसाठी कपडे हवे होते. मी तिला बरंच ऐकवलं. तुझ्यासाठी एवढं केलं, तू भिंतीला उभी राहिलीस ती राहिलीसच. ती ऐकून घेत राहिली आणि मग म्हणाली, "मावशी, मला मागेच आवडायचं. बाई पुढे एकाला उभं करायच्या आणि मागच्यांना सांगायच्या, हा पडता कामा नये. मागे सगळ्यांना नाही उभं करायच्या त्या."

मी विचारलं, "आईच्या वेळी टाच..."

"मग आणखी कुणाची?" ती म्हणाली. आणि कपड्यांचा भाव विचारला. मी पहिल्यांदा सांगितला तोच तिने मान्य केला, घासाघीस केली नाही. मला जरा चुकल्यासारखंच झालं.

बाई गेल्या ते मला आईने सांगितलं. आजारपण लहानसंच होतं म्हणे. आई म्हणाली, "पार्किंगात जमनार हायत सगले. तू येतेस का न्हाय?"

गेले. नुसतं उभं राहून यायचं म्हणून गेले. गाड्या बाहेर काढलेल्या होत्या. बँकवाले काका होते, आता काठी घेऊन. उषाबेनची सून, पिंकी, कितीतरी चेहरे मी ओळखत नव्हते. फोटो नाही, हार नाही. सगळे आपापल्या जागा धरून उभे होते, पण वेडेवाकडे, एकमेकांत घुसलेले. ओळच लागत नव्हती. मग माझ्या लक्षात आलं, रेघ नव्हती.

"मालकीणबाई," बँकवाल्या काकांनी हाक मारली. ते नाव त्यांच्या तोंडी कसं आलं कुणास ठाऊक. "खडू आहे का?"

खडू पिंकीने दिला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी चपला काढल्या, खडू अंगठ्यात धरायला गेले, तो निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. मी मान खाली घालून बघत होते तरी जमत नव्हतं, आणि त्या बाईने न बघता इतकी वर्षं ते केलं होतं. शेवटी खाली वाकून हाताने ओढली. वाकडी आली. या खांबापासून त्या खांबापर्यंत, मधे पोट सुटलेली.

मी सरळ झाले तेव्हा माझ्यामागे ओळी लागल्या होत्या. सगळ्यात मागे, भिंतीजवळ, पिंकीच्या शेजारी माझी आई. ती आता जुनी झाली होती.

आणि मी होते रेघेवर. मला बाजूला व्हायचं होतं, पण तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "नवीन माणूस..." आणि पुढचं बोललं नाही.

बाईंनी माझा शब्द पाडला हे मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. पण ते सांगायचं कुणाला? समोर कुणी नव्हतं. भाव करायलाही नाही. नुसता पार्किंगचा खांब आणि पलीकडे ऊन.

मी तोंड उघडलं. काही येईना.

मागून टाचेचा ठोका आला. भेगाळलेल्या पायाचा ठोका वेगळा वाजतो. मला वळून बघावं लागलं नाही.